फिरती फळी मधेच थांबते!

प्रश्न : सोसायटीच्या आनंदमेळ्यासाठी प्लायची फिरती फळी केली. चेंडू लागला की मागचं बक्षीस दिसायला हवं, पण ती तिरकीच थांबते. काय करू?

उत्तर : मधल्या उभ्या अक्षावरची फळी कुठल्याही कोनात उभी राहू शकते, तिला अडवायला काही हवं. चौकटीच्या आतून कपाटाच्या दाराचा मॅग्नेट लावा, फळीच्या दोन्ही उभ्या कडांना लोखंडी पत्र्याची पट्टी. फट २-३ मिमी. अर्धा फेरा झाला की फळी तिथेच धरली जाईल. खाली-वर स्केटच्या चाकातलं ६०८ नंबरचं बेअरिंग घाला. त्याला ८ मिमीचा बोल्ट बसतो. आणि निशाण कडेजवळ रंगवा. बरोबर मध्यावर चेंडू बसला तर फळी ढिम्म हलत नाही, मग पोरं भांडायला येतात!