गाण्याचा ताल कानाने कसा ओळखावा?



गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलींचे एक समूहगीत मध्येच थांबले, हे पालकांनी पाहिलेच आहे. सराव नीट केला नाही म्हणून आम्ही मुलींवर रागावलो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की गीत दादऱ्यात होते आणि ढोलक केरव्यात वाजत होती. मुली सहा मोजत होत्या, ढोलक आठ. चूक मुलींची नव्हती. आधी मात्रा मोजून पाहणे आम्हा मोठ्यांचे काम होते. म्हणून हा पाठ.

१) ठोका : गाणे ऐकताना पाय आपोआप हलतो. तो सारख्या अंतराने पडू द्या.

२) सम : ज्या ठोक्यावर गाण्याचा भार पडतो आणि ध्रुवपद फिरून जिथे येऊन टेकते, ती सम. तिथे टाळी द्या. गाण्याचा पहिला शब्द समेवरच असतो असे नाही. पुष्कळ गाणी समेच्या आधीच सुरू होतात.

३) मोजणी : समेला 'एक' म्हणा. पुढची सम येईपर्यंत मोजा. हिंदीत मोजा की मराठीत, मात्रा तितक्याच येतील!

४) गट : मात्रा कशा विभागल्या आहेत ते ऐका.

दादरा, ६ मात्रा (३+३) : धा धी ना । धा ती ना
केरवा, ८ मात्रा (४+४) : धा गे ना ती । न क धी न
रूपक, ७ मात्रा (३+२+२) : ती ती ना । धी ना । धी ना
झपताल, १० मात्रा (२+३+२+३) : धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना

रूपकाची गंमत अशी, की त्याची समच खाली असते. तिथे डग्ग्याचा घुमारा शोधू नका.

एकाने आठ मोजले आणि दुसऱ्याने सोळा, तर भांडू नका. एकाची मोजणी दुप्पट आहे, एवढेच. पण सहा आणि आठ एकत्र नांदत नाहीत, हे आम्ही अनुभवाने शिकलो. पाश्चात्य पद्धतीत हेच ३/४, ४/४ असे लिहितात. वरचा आकडा एका मापातले ठोके सांगतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, पण ताल आम्ही भजनाच्या ओसरीवर शिकलो. पांढुर्णा-सौंसरच्या या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरी भजने घरोघरी माहीत आहेत. भजनी ठेका आठ मात्रांचा. सुरुवात तिथूनच करा.

घरचा अभ्यास : आजीचा पाळणा, मंडळातले एक भजन आणि आवडते एक सिनेगीत ऐका. प्रत्येकाच्या मात्रा वहीत लिहा. पालकांनीही सोबत टाळी द्यावी.

त्या मुलींची आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागितली आहे. यंदा तेच गीत पुन्हा होईल, आणि ढोलकवाल्याला मात्रा मुलीच मोजून देतील.