पाखरे राखण्यासाठी हवेची बंदूक : एक इशारा

ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे पाखरांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी पी.व्ही.सी. नळीत पंपाने हवा भरून आवाजाची बंदूक घरीच करावी, असे कित्येकांस सुचते. नळीवर ६ किलोग्रॅम दाबाचा छाप असतो. तेवढ्यावर विसंबले जाते. परंतु तो छाप पाण्यासाठी असतो. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, म्हणून नळी तडकताच दाब उतरतो. हवेचे तसे नाही. त्याच दाबाची हवा मोकळी होताच सुमारे ७ पट फुगते व नळीच्या धारदार चिरफळ्या चोहीकडे उडवते. उन्हात पडून राहिलेली नळी तर अधिकच ठिसूळ झालेली असते.

कार्बाइडचा वायू पेटविणारी बंदूक याहूनही घातक होय. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे तिने अनेक मुलांचे डोळे दुखावले.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस समक्ष समजावून द्यावी. राखणीस माळा व गोफण आहेच. त्याशिवाय चमकदार फीत पीळ देऊन, कणसांच्या किंचित वर ताणून बांधावी. पाखरे सकाळ-संध्याकाळ अधिक उतरतात. त्या वेळी राखणदार हवाच. पाखरे फितीस सरावतात, म्हणून तिची जागा मधूनमधून बदलावी.