लग्नविधींतील शास्त्रवाचन

मांडवांत वऱ्हाड बसलें आहे, आणि ऐन वेळीं कोणी तरी उपदेशकाच्या हातीं पवित्र शास्त्र देऊन म्हणतो, "मास्तर, एखादा अध्याय वाचा." अशा वेळीं बोट बहुधा इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायावर जातें. बाविसाव्या वचनापासून आरंभ होतो, आणि चोविसावें संपलें कीं पुस्तक मिटतें. पत्नीनें पतीच्या अधीन असावें, एवढेंच काय तें मंडळीच्या कानीं पडतें. असें वाचन आम्हीं स्वतः ऐकलें आहे. वधूची मान खालीं होती, आणि वराकडील वडीलधारी मंडळी समाधानानें माना डोलावीत होती.

प्रिय बंधूंनो, तीं तीन वचनें शास्त्रांतलींच आहेत. तथापि तीं तेवढींच वाचणें हें शास्त्रवाचन नव्हे. एकविसाव्या वचनांत प्रेषित सर्वांसच एकमेकांच्या अधीन होण्यास सांगतो. पंचविसाव्यापासूनचीं आठ वचनें मुख्यत्वें पतीस उद्देशून आहेत, आणि त्यास घालून दिलेलें माप फार भारी आहे: ख्रिस्तानें मंडळीकरितां आपणांस दिलें, तसें पतीनें करावें. ज्यास पत्नीचीं तीन वचनें ऐकवावयाचीं आहेत, त्यानें पतीचीं आठही ऐकवावीं. पुढें घरांत भांडण होईल, तेव्हां "शास्त्रांत असें आहे" हें वाक्य कोणाच्या तोंडीं यावयाचें, हें त्या दिवशींच्या वाचनावर पुष्कळ अवलंबून असतें. विधि कोणत्या रीतीनें करावा याची मोकळीक 1872 च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें पाळकास दिली आहे. कोणता पाठ वाचावा हें कायदा सांगत नाहीं. म्हणून निवडीचा भार आपणांवरच आहे.

दुसरा आवडता उतारा रूथच्या पहिल्या अध्यायांतील, सोळावें व सतरावें वचन. वधूनें वरास दिलेलें हें वचन आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. बोलणारी विधवा सून आहे, ऐकणारी विधवा सासू आहे, आणि त्या मवाबाहून यहूदाकडे जाणाऱ्या वाटेवर आहेत. आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचें दुःख किती गाइलें आहे हें सांगावयास नको. म्हणून हा उतारा लग्नांतून काढूं नये. उलट तो वरमाईकडे पाहून वाचावा. मात्र आरंभ आठव्या वचनापासून करावा. तेथें नामी दोघी सुनांस माहेरीं परत जाण्यास सांगते, त्यांस आशीर्वाद देते, त्यांचें चुंबन घेते. अर्पा परत गेली. तिला नामीनें एका शब्दानेंही दोष लाविला नाहीं. रूथ राहिली ती आपखुशीनें. सासूनें दार उघडें ठेविलें होतें, म्हणून सुनेच्या त्या शब्दांस एवढी किंमत आहे.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायांतील सद्गुणी स्त्रीचें वर्णन मोठें, बावीस वचनांचें आहे. इब्री वर्णमालेंतील एकेका अक्षरानें त्याचें एकेक वचन सुरू होतें. लांब म्हणून वाचणारे तें तोडतात, आणि तोडतांना रात्र असतांच उठणारी बाई ठेवितात व विचार करून शेत विकत घेणारी गाळितात! पहाटे उठणें आमच्या बायांस कोणी शिकवावयास नको. तिच्या हातच्या कमाईचें फळ तिला द्यावें, असें सांगणारें शेवटलें वचन मात्र पुरुषांनीं ऐकण्याजोगें आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नाकरितां लिहिलेला नाहीं. जी मंडळी आपसांत तट पाडून भांडत होती, तिला तो लिहिला आहे. यामुळें तो संसारास अधिकच लागू पडतो.

जेथें ख्रिस्ती नसलेले सोयरे पुष्कळ असतील, तेथें आम्ही योहानाच्या दुसऱ्या अध्यायांतील काना येथील लग्न सुचवूं. त्यांत वधूवरांचीं नांवेंसुद्धां नाहींत; आहे ती यजमानाची अडचण. द्राक्षारस सरला. कर्ज काढून मांडव घालणाऱ्या बापास ही भीति समजावून द्यावी लागत नाहीं. दारू सोडलेल्या कित्येक मंडळ्या या उताऱ्यास कचरतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, येथें एका घराची लाज राखिली गेली, हें ऐकवावयाचें आहे. तो द्राक्षारस कोठून आला हें भोजनाच्या कारभाऱ्यास ठाऊक नव्हतें, पाणी काढणाऱ्या चाकरांस होतें. हें वचन सावकाश वाचावें. पाणी वाहणारे मांडवाच्या मागें उभे असतात.

दोन पाठ पुरेत. लग्नाच्या आठ दिवस आधीं उपदेशकानें दोन्ही घरीं जाऊन ते वाचून दाखवावे, आणि वधूसही तिचें मत विचारावें. रिबकेच्या घरच्यांनीं तिला बोलावून, तूं जातेस काय, असें विचारलें होतें (उत्पत्ति, अध्याय 24). मग पाठाविषयीं मुलीस विचारण्यांत संकोच कसला? ठरलेल्या जागीं कागदाची खूण घालून ठेवावी, आणि वाचण्यापूर्वीं, कोण कोणाशीं बोलत आहे, तें एका वाक्यांत मंडळीस सांगावें.