कौलारू घराचा माळा आणि साठवणुकीचे धान्य

कोकणात, मावळात तसेच सातारा-कोल्हापूरच्या पश्चिम भागात मंगलोरी कौलांची जुनी घरे आजही पुष्कळ आहेत. अशा घरांत माळा हेच धान्याचे कोठार. मळणी झाली की पोती वर चढतात. माळा मात्र दिवाळीला झाडला तर झाडला. शेतकरी बंधूंनो, माळ्यावरची धूळ ही केवळ अस्वच्छता नव्हे. फळ्यांच्या फटींतील धूळ, भुसा आणि सांडलेले दाणे यांतच साठवणुकीतील किडी दडून राहतात. खापरा भुंगेऱ्याची अळी तर अन्नाशिवाय फटीत कित्येक महिने तग धरते. मग नवा गहू कितीही चांगला वाळवून आणला तरी कीड घरचीच लागते.

कचरा आधी ओळखावा

झाडू फिरवण्यापूर्वी बॅटरी घेऊन माळा नीट पाहावा. कचरा कोठून आला हे कचराच सांगतो. तुळईखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर लाकडाला भुंगेरा लागला आहे. भिंतीवरून वर चढलेली मातीची नळी वाळवीची. दोन्ही टोकांना निमुळत्या, काळ्या व कडक लेंड्या उंदीर-घुशींच्या. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पालीच्या. वटवाघळाची विष्ठा काडीने दाबताच भुगा होते व त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. तांबडे कण हे झिजलेल्या कौलांचे, तर काळी चिकट जळमटे चुलीच्या धुराची. धूर खालून येत असेल तर वरची कौले कितीही घट्ट बसवली तरी उपयोग नाही. आधी धुराड्याची सोय करावी. साधी मातकट धूळ मात्र वाऱ्याबरोबर कौलांच्या सांध्यांतून आणि वळचणीतून येते.

सफाई व दुरुस्ती

हे काम रब्बीचे धान्य घरात येण्यापूर्वी उरकावे. नाकातोंडावर ओले फडके बांधावे, कचऱ्यावर पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि मगच आढ्याकडून वळचणीकडे झाडत यावे. कोरडे झाडल्यास लेंड्यांची धूळ छातीत जाते. फटी खराट्याने नव्हे, पातळ पट्टीने कोरून काढाव्यात. निघालेला केर उकिरड्यावर न टाकता खोल पुरावा. नाहीतर त्यातले किडे पुन्हा घरात येतात.

शाकारणीच्या वेळी फुटकी कौले बदलावीत, खाचांतील शेवाळ व माती काढून कौल कौलावर नीट बसते का ते पाहावे. आढ्यावरील कोन्यांचे सांधे चुन्याच्या गिलाव्याने भरणे बरे. कडक सिमेंट उन्हाने हलणाऱ्या छपरावर लवकर तडकते. माळ्यावर एकदा झाडले, शाकारणी झाली, की पुन्हा झाडावे लागते, हे गृहीत धरावे.

बरेच जण वाशांखाली प्लास्टिकचा कागद ताणून मोकळे होतात. धूळ अडते खरी, पण कौलांना लागून बसलेल्या कागदावर पाणी साठते, रीपा कुजतात आणि थेंब पोत्यांवर पडतात. त्यापेक्षा बांबूच्या चटया वाशांच्या खालच्या बाजूस ठोकाव्यात, म्हणजे कौले आणि चटई यांमध्ये हवा खेळती राहते.

वळचणीची भोके मातीने पूर्ण बुजवू नयेत. श्रावणात कोंदट हवेने धान्याला बुरशी धरते. तेथे 6 मि.मी. छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी मारावी. उंदीर, खार, चिमण्या थांबतात. वटवाघळे असल्यास ती आणि त्यांची पिल्ले बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय जाळी मारू नये. जाळीतून बारीक धूळ येतेच, म्हणून रस्त्याच्या किंवा खळ्याच्या बाजूला उन्हाळ्यापुरते गोणपाट लावून पावसाआधी काढावे.

एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घराच्या माळ्यावर कधीही ठेवू नयेत. त्यांचा वायू हवेपेक्षा जड असतो. फळ्यांच्या फटींतून तो खाली झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो व जीव घेतो.

पोती फळ्यांवर थेट न ठेवता लाकडी घडवंचीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मागून झाडता येते. बियाणे मात्र माळ्यावर नकोच. उन्हाळ्यात कौलांखालच्या उष्णतेने उगवणशक्ती घटते. छपरात एक-दोन काचेची कौले बसवल्यास उजेडात लेंड्या व जाळी वेळीच दिसतात. ती वाटेवर बसवावीत, पोत्यांवर ऊन पडेल अशी नकोत.