लेकाकडे एडिसनला निघताना

वहिनी, बॅगा भरायच्या आधी थोडं ऐकून घ्या. यातलं निम्मं माझ्या सासूबाईंचं आहे. त्या करीमनगरकडून लग्न होऊन सोलापुरात आल्या, तेव्हा पूर्व भागात घरोघरी माग चालायचे आणि त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या म्हणायच्या, परक्या गावात भाषा हळूहळू येते, आधी आपल्या बोलीचं, आपल्या वयाचं माणूस शोधावं. त्यांना ते मार्कंडेयाच्या देवळात भेटलं. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात लेकाला सांगा, मला माझ्या वयाच्या बायकांत नेऊन सोड. न्यू जर्सीत ‘मराठी विश्व’ हे मंडळ आहे, एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं आहेत. लॉस एंजेलिसच्या कोरियन म्हाताऱ्यांना हाच आधार त्यांच्या चर्चमधून मिळतो. प्रार्थना झाली की एकत्र जेवतात, आलेली पत्रं, कागद कुणीतरी वाचून देतं. लेक-सून कितीही मायेची असली तरी दिवसभर कामात असतात. मनातलं सगळं त्यांच्याशीच बोलायचं म्हटलं तर दोघांचीही ओढाताण होते.

घरातलं एक काम मागून घ्या, रोजची भाकरी म्हणा, नातवाला बसपर्यंत सोडणं म्हणा. ज्वारीचं पीठ तिथे मिळतं. शेंगाचटणी मात्र इथूनच न्या. नातवंडं दिवसभर सांभाळायची असतील तर ते आधीच बोलून घ्या आणि आठवड्याचा एक दिवस स्वतःसाठी ठेवा. यात संकोच करू नका. न बोलता केलेलं काम पुढे मनात साचतं, मी हे फार घरांत पाहिलंय.

दात आणि डोळे इथेच दाखवून घ्या, तिकडे खर्च झेपत नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. प्रवासाच्या विम्यात जुनं दुखणं बहुतेक वेळा धरत नाहीत, ते वाचून घ्या.

डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधारतं. दुपारी कोट घालून उन्हात चालायला जाच. झोप उडाली, जेवण जाईना, उगाच रडू येऊ लागलं आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर डॉक्टरांकडे न्यायला सांगा. छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका. आपण ‘मजेत आहे’ म्हणून फोन ठेवतो, वहिनी, ते करू नका. मला खरं सांगा. हिवाळ्यात तुमचे सकाळचे साडेआठ म्हणजे माझे संध्याकाळचे सात, मी रिकामीच असते.

आणि सोलापूरचं घर विकायचा विषय कुणी काढलाच, तर म्हणा, एक हिवाळा काढू दे, मग बघू.