होडीचे इंजिन का रुसते?

विद्यार्थी मित्रांनो, नारळी पौर्णिमा झाली की कोकणातल्या खाड्यांमध्ये होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. लहान होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर लोखंडी डोके, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाशी पाण्यात फिरणारा पंखा. याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली अशी इंजिने विक्रीस आणली, आणि हलक्या होडीला वल्ह्यांवाचून चालण्याचा एक मार्ग मिळाला.

माझ्या मामांकडे असे एक जुने, दोन सिलिंडरचे इंजिन आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळाभर ते पडवीत पडून होते. होडी पाण्यात उतरली आणि इंजिन रुसले. वीस-पंचवीस वेळा दोर ओढावा तेव्हा कुठे ते सुरू होई, खोकत खोकत चाले आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद पडे. एका संध्याकाळी ते खाडीच्या तोंडाशी बंद पडले. ओहोटी लागलेली, पाणी समुद्राकडे ओढ घेत होते. मीही होडीत होतो. मामांनी झटकन नांगर टाकला, तो वाळूत धरला, म्हणून आम्ही निभावलो. भरती लागल्यावर वल्ही मारत घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणे प्लग बदला, कोणी म्हणे कॉइल गेली, कोणी म्हणे कार्ब्युरेटर उघडा. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात इंजिन शिकवतोस ना? मग बोल की!" आता आली का पंचाईत! मी शिकवतो ती फळ्यावरची आकृती. तिला खारी हवा लागत नाही. पण त्या आकृतीनेच आम्हाला वाट दाखवली.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन, ते मिश्रण पुरेसे दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी पडणारी जोरदार ठिणगी. यांतील एक जरी उणी पडली तरी इंजिन कुरकुरते. म्हणून आम्ही ठरवले, की अंदाजाने काहीही बदलायचे नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

आधी दोन्ही प्लग काढून पाहिले. एकाचे टोक कोरडे, तपकिरी होते. त्या सिलिंडरमध्ये ज्वलन ठीक होत होते. दुसरा काळा आणि पेट्रोलने ओला. म्हणजे इंधन तिथवर पोचत होते, पण जळत नव्हते. मग मेकॅनिकने दाबमापक लावला. दोन्ही सिलिंडरमधला दाब जवळजवळ सारखा आला. दट्ट्या आणि त्याच्या कड्या निर्दोष ठरल्या. संशय आता ठिणगीवर आला.

प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून दोर ओढला, तर दोन्ही प्लगवर ठिणगी दिसली! सारे म्हणाले, "ठिणगी तर आहे!" मित्रांनो, इथेच पुष्कळजण फसतात. ठिणगी उघड्या हवेत दिसली म्हणजे ती सिलिंडरमध्येही पडेल असे नाही.

असे का, ते पाहू. ठिणगी पडताना हवेतले मोकळे इलेक्ट्रॉन विद्युत्क्षेत्रामुळे धावू लागतात, वाटेतल्या रेणूंवर आदळतात आणि त्यांच्यातून नवे इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यासाठी टक्कर होण्यापूर्वी त्यांना पुरेसा वेग यावा लागतो. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेले की रेणू दाटीने उभे राहतात. गर्दीच्या गल्लीत पळताना तुमचा वेग वाढतच नाही, तशी इलेक्ट्रॉनची गत होते. म्हणून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात.

थोडे गणित करू. साध्या हवेत १ मिलिमीटर फटीला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. प्लगची फट साधारण पाऊण मिलिमीटर असते. मिश्रणाची घनता आठपट झाली असे समजा. मग आतली पाऊण मिलिमीटर फट ही बाहेरच्या ०.७५ × ८ = ६ मिलिमीटर फटीच्या तोडीची झाली. जुन्या इंजिनांची ठिणगी तपासताना अनुभवी मेकॅनिक उघड्या हवेत सुमारे ६ मिलिमीटरचीच फट ठेवतात. अनुभवाचे उत्तर आणि गणिताचे उत्तर कसे जुळले पाहा!

आम्ही तशी फट ठेवून पाहिले. एका सिलिंडरची ठिणगी निळी, कडकडीत उडाली. दुसरीची फट दोन मिलिमीटरपर्यंत कमी केली तेव्हा कशीबशी उडाली. चोर सापडला!

या जुन्या इंजिनात बॅटरी नाही. दोर ओढला की चक्रातले लोहचुंबक वेटोळ्यांजवळून जाते आणि त्यांत वीज निर्माण होते. फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतप्रवर्तन ते हेच. म्हणून दोर हळू ओढून चालत नाही, झटक्याने ओढावा लागतो. नेमक्या क्षणी 'पॉइंट' नावाचे दोन छोटे संपर्क उघडतात, प्रवाह एकदम तुटतो आणि शेजारच्या हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उत्पन्न होतात. आमच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट होते. पावसाळ्यातल्या खाऱ्या, दमट हवेने त्यांतील एकावर पातळ पुट चढले होते. त्यामुळे रोध वाढला, प्रवाह घटला आणि ठिणगी दुबळी झाली. पॉइंट स्वच्छ करून त्यांची फट अर्धा मिलिमीटर ठेवली. तिसऱ्याच ओढीला इंजिन गरजले!

पण खोकला गेला तरी खोड गेली नाही. पंधरा मिनिटांनी ते पुन्हा बंद. "पॉइंटचे सारे खोटेच," असे कोणीतरी म्हणाले. मात्र आम्ही काठालगत होतो आणि घाई नव्हती. पेट्रोलच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो, तो आतून ओढल्यासारखा चपटा झाला होता. टाकीचे झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज झाला, हवा आत शिरली आणि इंजिन पुन्हा सुरू झाले. झाकणातले हवेचे भोक मीठ आणि चिकट मळीने बुजले होते!

समजा, टाकीत पेट्रोलच्या वर ५ लिटर हवा आहे. एक लिटर पेट्रोल खर्च झाले की तीच हवा ६ लिटर जागा व्यापते. बॉइलच्या नियमाने तिचा दाब पाच षष्ठांश उरतो. पेट्रोलच्या वाफेचा दाब सोडून दिला, तर ही तूट सुमारे पावणेदोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी होते. इंजिनाचा छोटा पंप एवढ्या ओढीपुढे टिकत नाही. तारेने भोक मोकळे केले आणि ती खोड गेली.

म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. पहिला बरा झाला तरी दुसरा उरल्यामुळे खरा उपाय खोटा वाटू लागला होता. आम्ही एकदम चार भाग बदलले असते, तर खर्च झाला असता आणि कारण मात्र कळले नसते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि उरलेला चिकट भाग कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवतो. आज आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधू शकते. असे इंजिन पाण्याने थंड होते, म्हणून कोरड्यावर चालवू नये, पाण्याच्या पिंपात पाय बुडवून तपासावे. पेट्रोल आणि उच्च दाबाची वीज यांच्याशी तुम्ही एकट्याने खेळू नका. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून पाहा.

टाकीच्या भोकाची गंमत मात्र घरी करता येईल. झाकण घट्ट लावलेल्या, पाण्याने भरलेल्या डब्याला तळाजवळ एक बारीक भोक पाडा. थोडे पाणी येईल आणि धार थांबेल. आता झाकणाला दुसरे भोक पाडा. धार पुन्हा का वाहू लागली, ते वहीत लिहा.

मामा आता दर पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करतात, पॉइंट पुसतात आणि झाकणाच्या भोकात तार घालून पाहतात. होडीत वल्ही आणि नांगर मात्र अजूनही असतात. तेही शहाणपणच आहे.