गोदीचे नियम कोण करतो?

कापडाच्या गाठी गोदीत किती दिवस ठेवता येतील, पुढे काय भाडे पडेल, हे आम्ही व्यापारी क्लिअरिंग एजंटाच्या तोंडून ऐकतो आणि तोच कायदा समजतो. पण नियमालाही जन्मदाखला असतो.

१९६३ च्या प्रमुख बंदर कायद्यात रीत अशी होती: माल घेणे, ठेवणे, सांभाळणे याचे नियम बंदराचे विश्वस्त मंडळ करी. मात्र केंद्र सरकारची मंजुरी मिळून ती राजपत्रात छापेपर्यंत ते लागू होत नसत. तोवर मंडळाचा ठराव म्हणजे कच्ची पावतीच! शिवाय मंडळावर मालधनी आणि जहाजमालकांचे प्रतिनिधी बसत.

२०२१ च्या नव्या कायद्याने मुंबई, न्हावा-शेवा यांसारख्या प्रमुख बंदरांचे दरपत्रक ठरविण्याचा अधिकार बंदराच्या मंडळालाच दिला. या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम यांची माणसे आहेत, कामगारांचे दोन प्रतिनिधी आहेत, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आहेत. व्यापाऱ्याची राखीव खुर्ची मात्र नाही. आम्हाला हे खटकते.

म्हणून गाऱ्हाणे असेल तर एकेकट्याने न जाता व्यापारी संघटनेमार्फत, बिलांच्या नकला जोडून, मंडळाकडे लेखी द्यावे. आणि एजंटाने नवा आकार सांगितला की दरपत्रकातील कलम व तारीख मागावी.